'गो-वेंट-गॉन'चा जप आणि जिंतूरचे 'जायलो'

इंग्रजीतल्या अनियमित क्रियापदांचा तक्ता हा आपल्या शाळांतला सर्वांत निरुपद्रवी कागद समजला जातो. पाठ्यपुस्तकाच्या अखेरीस, नाहीतर मार्गदर्शिकेच्या आतल्या पानावर तो असतो. तीन रकाने, वर्णानुक्रम आणि 'व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री' अशी शीर्षके. मुलांनी तो पाठ करावा, शिक्षकांनी तो म्हणून घ्यावा, परीक्षकांनी त्यातली चार रूपे विचारावीत. ह्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. आमचे म्हणणे असे, की मराठवाड्यातल्या मुलांना इंग्रजीपासून तोडण्याचे आणि त्याचबरोबर मराठीविषयी अडाणी ठेवण्याचे काम ह्या एका कागदाने जितके केले, तितके इंग्रजीविरोधकांच्या सगळ्या भाषणांनी मिळून केलेले नाही. हे विधान साहित्याच्या विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना अतिशयोक्त वाटेल. म्हणून ते टप्प्याटप्प्याने मांडतो.

उदाहरणासाठी आम्ही जिंतूर घेतो. परभणी जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. जवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत, तालुक्यात चारठाण्याची जुनी मंदिरे आहेत आणि पूर्णेवरचे येलदरी धरण आहे. गावात मराठी आणि दखनी वळणाची उर्दू शेजारी-शेजारी नांदतात; तांड्यांवरून येणारी मुले घरी गोरबोली बोलतात. म्हणजे क्रियापद चालवण्याचे किमान तीन प्रकार एकाच बाजारात ऐकू येतात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठवाडा 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. मेकॉलेने 1835 साली लिहिलेले ते प्रसिद्ध टिपण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होते. इंग्रजीच्या दुखण्याचे खापर मेकॉलेवर फोडून मोकळे होण्याची सोय पुण्या-मुंबईला आहे, तितकी ती जिंतूरला नाही.

पाठांतराचा तक्ता मात्र इथे नवा नाही. संस्कृत पाठशाळेत रूपावली होती. फारसी शिकणाऱ्यासाठी 'आमदनामा' होता. 'येणे' ह्या अर्थाच्या 'आमदन' ह्या क्रियापदापासून सुरुवात करून फारसी क्रियापदांची रूपे घोकून घेणारी ही पोथी हिंदुस्थानभर मकतबांतून चालत असे. फारसी क्रियापदेही सरळ नाहीत. 'कर्दन' म्हणजे करणे, पण त्याचे वर्तमानाचे अंग 'कुन'; 'दीदन' म्हणजे पाहणे, पण वर्तमानाचे अंग 'बीन'. मराठीने ही अनियमितता गाजावाजा न करता पचवली. 'कारकून' ह्या शब्दात 'कर्दन'चे वर्तमान अंग आहे, 'दूरबीन' ह्या शब्दात 'दीदन'चे आहे, आणि 'आमदनी' तर थेट आमदनाम्याच्या पहिल्या पानावरून आलेली. तहसिलीतल्या कारकुनाला आपल्या हुद्द्याच्या पोटात एक अनियमित क्रियापद दडले आहे, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या हुद्द्यापर्यंत पोचण्यासाठी कुणीतरी तो तक्ता घोकला होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीची जागा उर्दूने घेतली. त्यानंतर खुर्ची इंग्रजीकडे आली. खुर्चीवरची भाषा बदलत गेली, दारावरचा तक्ता तसाच राहिला.

आता तक्त्याच्या आत डोकावू. 'गो'चे भूतकाळी रूप 'वेंट' का? वर्गात ह्याचे उत्तर 'तसेच असते' हे आहे. खरे उत्तर असे: जुन्या इंग्रजीत 'जाणे'च्या भूतकाळासाठी वेगळाच शब्द होता, तो लोपला, आणि 'वेंड' ह्या, वळणे-निघणे अशा अर्थाच्या क्रियापदाचे भूतकाळी रूप 'वेंट' हे 'गो'ने दत्तक घेतले. मूल गेल्यावर 'वेंड'ने स्वतःसाठी 'वेंडेड' असे नवे नियमित रूप करून घेतले. दोन वेगळ्या धातूंनी मिळून एक क्रियापद चालवायचे, असा हा संसार आहे. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र हे दत्तकविधान झाले नाही. तिथे 'गे'चा भूतकाळ 'गेड' असाच राहिला आणि त्या बोलीतल्या कवितेतही तो मानाने वावरला. जिंतूरच्या सहावीतल्या मुलाने 'गो'चा भूतकाळ 'गोड' असा केला, की वर्ग हसतो. ते मूल स्कॉटलंडपासून एका स्वराच्या अंतरावर उभे आहे, हे हसणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

त्याहून महत्त्वाचे जे सांगितले जात नाही, ते मराठीविषयीचे आहे. 'जाणे' ह्या क्रियापदाचा मराठी भूतकाळ काय? 'गेला'. 'जा' आणि 'गे' ह्यांत एकही ध्वनी समान नाही. कारण 'जा' आला संस्कृतातल्या 'या' ह्या धातूपासून आणि 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'पासून. म्हणजे इंग्रजांनी 'गो' आणि 'वेंट' ह्यांची जी मोट बांधली, नेमकी तशीच मोट मराठीने 'जा' आणि 'गेला' ह्यांची बांधली आहे, आणि तीही त्याच अर्थाच्या क्रियापदात! 'होणे' आणि 'झाला' घ्या: 'हो' हे 'भू'चे अपत्य, 'झाला' हे 'जन्'च्या 'जात'चे. 'येणे' आणि 'आला' घ्या: 'ये' हे 'इ' धातूच्या कुळातले, 'आला' हे 'आगत'चे. इंग्रजीच्या 'बी, इज, वॉज'चा गोंधळ सांगून मुलांना घाबरवणाऱ्या शिक्षकाला हे ठाऊक हवे, की ही तीन रूपे तीन वेगळ्या धातूंची असून ते तिन्ही धातू संस्कृतात भू, अस् आणि वस् ह्या नावांनी ओळखीचे आहेत. परक्या घरातही आपल्या आत्येची मुले भेटावीत, तसा हा प्रकार.

दुसरा प्रकार झिजेचा. 'करणे'चे 'करला' व्हायला हवे होते. 'कृत' प्राकृतात झिजून मराठीत 'केला' झाले. 'मरणे'चे 'मेला' झाले, तेही 'मृत' झिजूनच. इंग्रजीत 'मेक'चे 'मेड' झाले, 'हॅव'चे 'हॅड' झाले, तेही वापराने मधला व्यंजन झिजल्यामुळे. घराचा उंबरठा मधोमध झिजतो, कारण पाय तिथेच पडतात. तशी ही क्रियापदे आहेत. तिसरा प्रकार स्वर बदलण्याचा: 'सिंग, सँग, संग'. इंग्रजी स्वरबदलाची ही रीत आणि संस्कृतातली गुणाची रीत ह्या एकाच प्राचीन यंत्रणेच्या दोन शाखा आहेत. संस्कृतात 'वेद' म्हणजे मी जाणतो, आणि 'विद्म' म्हणजे आम्ही जाणतो. एकवचनात 'ए', अनेकवचनात 'इ'. जर्मन भाषेत ह्याच धातूची 'वाइस' आणि 'विसन' अशी रूपे आजही चालतात. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यातल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंतल्या व व्याकरणिक रूपांतल्या साम्याकडे बोट दाखवले, त्याला सव्वादोन शतके उलटून गेली. एम. ए.च्या भाषाविज्ञानाच्या पेपरात हे सगळे येते. सहावीच्या तक्त्यापर्यंत ते कधी उतरत नाही. आमच्याकडे ज्ञान वरच्या वर्गांत साठवून ठेवायचे आणि खालच्या वर्गांना फक्त घोकंपट्टी द्यायची, ही वाटणी कुणी केली?

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 चे, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चे. मराठी धातूंची वाकडी रूपे आपल्या वैयाकरणांना ठाऊक नव्हती असे नाही. पण शालेय मराठी व्याकरणात 'लाख्यात' हा शब्द येतो आणि 'केला, गेला, मेला, झाला' ही रूपे नियमाबाहेरची आहेत, ह्याची दखल बहुधा राहून जाते. परिणाम असा, की मराठी मुलगा आपली भाषा सरळ आणि इंग्रजी वाकडी, अशी समजूत घेऊन मोठा होतो. ही समजूत भाषाभिमान्यांना सुखावते. 'इंग्रजीत काही नियमच नाही' असे टाळीचे वाक्य व्यासपीठावरून आपण किती वेळा ऐकले आहे! ते वाक्य म्हणणारा गृहस्थ त्या दिवशी सभेला 'गेला' होता, भाषणाला उभा राहून त्याने भाषण 'केले', आणि घरी परत 'आला'. तीन क्रियापदे वापरली, तिन्ही अनियमित. त्याला एकदाही अडखळावे लागले नाही, कारण त्याने ती तक्त्यातून शिकली नव्हती.

येथून आमच्या मुद्द्याचा गाभा सुरू होतो. अनियमित क्रियापद टिकते कशावर? वारंवारतेवर. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदे घ्या: बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट. दहाही अनियमित. जे क्रियापद क्वचित वापरले जाते, त्याचे वाकडे रूप लोक विसरतात आणि त्याला 'एड' लावून मोकळे होतात. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी स्वर बदलून होत असे; आज तो 'हेल्प्ड' आहे. एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली 'नेचर' ह्या नियतकालिकात ह्याचा हिशेबच मांडला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांपैकी 145 अनियमित उरली होती आणि आज 98 उरली आहेत. शंभर पट कमी वापरले जाणारे क्रियापद दहा पट वेगाने नियमित होते, असा त्यांचा निष्कर्ष. अनियमित रूप हे स्मरणाचे अपत्य आहे, आणि स्मरण पुन्हा पुन्हा ऐकण्याचे.

आता हा निष्कर्ष जिंतूरच्या वर्गात नेऊन ठेवा. नियमित क्रियापद येते की नाही ते विचारणे म्हणजे मुलाला नियम समजला का, हे तपासणे. 'वॉक'चे 'वॉक्ड' ज्याला येते, त्याला 'टॉक'चे 'टॉक्ड' शिकवावे लागत नाही; बुद्धी पुरते. पण 'टीच'चे 'टॉट' आणि 'रीच'चे मात्र 'रीच्ड', हे बुद्धीने काढता येत नाही. ते ऐकलेले असावे लागते. ज्या घरात इंग्रजी ऐकू येते, त्या घरातल्या मुलाला ते फुकट मिळते. ज्या घरात येत नाही, त्या घरातल्या मुलाला ते कितीही हुशार असले तरी सुचणार नाही. म्हणून अनियमित क्रियापदांची परीक्षा ही बुद्धीची परीक्षाच नव्हे; ती घराची परीक्षा आहे. बाप काय करतो, आई किती शिकली, घरी इंग्रजी पुस्तके येतात का, हे उघडपणे विचारले तर आपल्याला लाज वाटेल. तेच आपण 'गिव्ह द पास्ट टेन्स ऑफ द फॉलोइंग' असे विचारतो आणि गुण देतो.

मुलाची चूक म्हणजे काय, हेही नीट पाहावे. जीन बर्को यांनी 1958 साली अमेरिकेतल्या लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला. 'ग्लिंग' असे एक बनावट क्रियापद देऊन त्याचा भूतकाळ विचारला. मोठ्या माणसांपैकी बरेच जण 'ग्लँग' म्हणाले. मुले 'ग्लिंग्ड' म्हणाली. इंग्रजी मायबोली असलेली मुले आधी 'वेंट' म्हणतात, मग नियम सापडला की 'गोड' म्हणू लागतात, आणि मग पुन्हा 'वेंट'वर येतात, हे भाषासंपादनाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. मधला टप्पा मागे गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात ती प्रगती असते, कारण ऐकलेले जसेच्या तसे म्हणणारे मूल आता रचना करू लागलेले असते. आपल्याकडचे अडीच-तीन वर्षांचे मूल 'मी करलं' म्हणते तेव्हा घरातले कौतुकाने हसतात. तेच मूल दहा वर्षांनी 'टीच्ड' म्हणते तेव्हा वर्ग कुचेष्टेने हसतो. एकाच बुद्धिव्यापाराला घरात कौतुक आणि शाळेत कुचेष्टा! बोलीतल्या हिंदीत 'मैंने करा' म्हणणाऱ्याला 'किया' म्हणणारा गावंढळ ठरवतो, त्याचीही हीच कथा. नियम पाळणारा अडाणी, आणि अपवाद पाठ असणारा सुसंस्कृत. शिष्ट भाषेचे राजकारण ह्याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

ह्या राजकारणाचा जिंतूरला बसणारा खास फटका आता सांगतो. मराठी माध्यमाच्या वर्गात काळ ओळखण्यासाठी एक युक्ती सर्रास शिकवली जाते: वाक्याच्या शेवटी 'ला-ली-ले' आले की साधा भूतकाळ, 'त आहे' आले की चालू वर्तमानकाळ. पुस्तकी मराठीपुरती युक्ती चालते. पण जिंतूर-परभणीकडे 'काय करायलास?' असे विचारतात आणि उत्तर येते, 'शाळेत जायलो.' ह्या 'जायलो'त 'लो' आहे, पण भूतकाळ नाही! 'जाया लागलो' असे काहीतरी झिजून झालेले हे रूप आहे आणि त्याचा अर्थ 'जात आहे' असा चालू वर्तमानाचा. युक्ती प्रामाणिकपणे लावणारे जिंतूरचे मूल 'जायलो'चे इंग्रजी 'वेंट' असे करणार. त्याने नियम पाळला, तरी ते चुकले. कारण नियम त्याच्या भाषेवरून केलेला नव्हताच. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाला इंग्रजी शिकवले, हे ऋण मोठेच आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. पण त्या वाटेने इंग्रजीकडे जायचे तर आधी प्रमाण मराठीची नदी ओलांडावी लागते. पुण्याच्या मुलाला एक नदी, जिंतूरच्या मुलाला दोन. तांड्यावरून येणाऱ्या मुलीला तीन. आणि मोजताना फक्त शेवटचा काठ कोण किती लवकर गाठतो, एवढेच मोजायचे.

'आय डिड नॉट वेंट' ह्या वाक्यावर प्राध्यापकांच्या बैठकीच्या खोलीत जितके विनोद होतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशावर होत असतील. विनोद करणाऱ्यांनी एकदा मराठी वाक्याकडे पाहावे. 'मी गेलो नाही.' नकार आला तरी क्रियापद भूतकाळीच राहते. 'जा' ह्या मूळ रूपाकडे ते परत जात नाही. मराठी मनाला 'वेंट' तसेच ठेवणे स्वाभाविक वाटते, ते ह्यामुळे. आणि इंग्रजी तरी पूर्वी वेगळे काय करीत होती? 'डिड'चा हा टेकू सक्तीचा होण्याआधी इंग्रज 'आय वेंट नॉट' असेच म्हणत, थेट 'गेलो नाही'. शेक्सपिअरमध्ये दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी सापडतात. नाटक शिकवताना ही जुनी रचना आपण भक्तिभावाने समजावून सांगतो. आणि त्याच रचनेच्या जवळून जाणाऱ्या विद्यार्थ्याची टर उडवतो. शेक्सपिअरला अर्थ असतो आणि जिंतूरकराला फक्त चूक असते, असे हे टीकाशास्त्र!

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा: तुम्ही चुकीचे उदात्तीकरण करता, मुलाखतीत 'टीच्ड' म्हणून कुणाला नोकरी मिळणार आहे? आम्ही चुका जपा असे म्हणत नाही. ज्याच्यापाशी दुसरे काही भांडवल नाही, त्याला तर 'टॉट'ची गरज सर्वांत जास्त आहे. म्हणूनच त्याला ते मिळेल अशा वाटेने द्या, असे आमचे म्हणणे आहे. तक्ता ती वाट नाही. तो वर्णानुक्रमे लावलेला असतो, म्हणून मुलाला 'गो', 'कम', 'सी' ह्यांच्या आधी 'अराइज, अरोज, अरिझन' भेटते. शंभर वर्षांत ज्याची गरज पडणार नाही असे 'स्ले, स्लू, स्लेन' आणि दिवसातून शंभरदा लागणारे 'से, सेड, सेड' त्यात एकाच तोलाचे असतात. सुटे रूप शंभरदा म्हटल्याने वारंवारता भरून निघत नाही. वाक्यात, अर्थासकट शंभरदा भेटल्याने ती भरून निघते.

दुसरा आक्षेप नव्या दमाच्या शिकवण्यांचा: व्याकरण सोडा, महिनाभरात फाडफाड बोला. ही मंडळी तक्त्याची शत्रू असल्याचा आव आणतात. प्रत्यक्षात पंचवीस पाठ वाक्यांचा नवा तक्ता हातात देतात. वाक्य जरा बदलले, की विद्यार्थी गप्प. मूल 'गोड' म्हणते तेव्हा निदान त्याचे डोके चालत असते; इथे डोक्याला तीही मुभा नाही.

तिसरा आक्षेप आमच्या भाषाभिमानी मित्रांचा: इंग्रजी इतकी लवकर आणताच कशाला? महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. ती पाचवीत असावी की पहिलीत, हा वाद करण्याजोगा आहे. पण आमचा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. पाचवीला सुरुवात होत होती तेव्हाही तक्ता हाच होता, पहिलीला होऊ लागली तेव्हाही तोच. वर्ष बदलल्याने पद्धत बदलत नाही. शिवाय ज्या मित्रांना मराठीची काळजी आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की इंग्रजी अनियमित क्रियापद नीट शिकवायचे तर आधी 'गेला' नीट शिकवावे लागते. इंग्रजीच्या तासाला मराठीला इतक्या सन्मानाने आत बोलावण्याची दुसरी संधी आम्हाला दिसत नाही.

मग करावे काय? तीन गोष्टी सुचवतो. तिन्हींना शासननिर्णय लागत नाही. पहिली: तक्त्याच्या आधी एक तास मराठीचा घ्यावा. फळ्यावर 'जा-गेला, ये-आला, हो-झाला, कर-केला, मर-मेला, घे-घेतला, खा-खाल्ला' लिहावे आणि मुलांना विचारावे, ही तुम्ही कुठे पाठ केलीत? वर्गात दखनी बोलणारी मुले असतील तर 'जाना-गया, होना-हुआ' त्यांच्याकडून घ्यावे. गोरबोली बोलणाऱ्यांकडून त्यांची रूपे घ्यावीत. 'जायलो'ला फळ्यावर जागा द्यावी आणि ते 'गेलो'पासून वेगळे कसे, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. मूल इंग्रजीकडे जाईल ते आपल्याला हा खेळ येतो, हे जाणून जाईल. मराठी 'केला' हे लिंगवचनाप्रमाणे केला, केली, केले, केल्या असे वळते; इंग्रजी 'डिड' एकटे बसून राहते. अवघड भाषा येणाऱ्याला सोपी भाषा शिकवायची आहे, अशा थाटात हा तास व्हावा.

दुसरी: तक्ता वर्णानुक्रमे न लावता वापराच्या क्रमाने आणि कुळाप्रमाणे लावावा. आधी ती दहा. मग स्वर बदलणारी एकत्र: सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम. मग न बदलणारी: पुट, कट, हिट. मग 'बॉट, थॉट, ब्रॉट, टॉट' असा एका तालाचा गट. कुळे दिसली, की पाठांतराचे ओझे निम्मे होते, आणि अनियमितपणातही रीत असते हे कळते. इंग्रजीत 'डिग'चा भूतकाळ एके काळी नियमित होता. अशाच एका कुळाच्या ओढीने तो 'डग' झाला. म्हणजे कुळाची ओढ खुद्द इंग्रजांनाही लागते.

तिसरी, आणि साहित्याच्या शिक्षकांसाठी सर्वांत जवळची: गोष्ट. जगातली बहुतेक गोष्ट भूतकाळात सांगितली जाते. कोल्हा गेला, त्याने पाहिले, तो म्हणाला, त्याने घेतले, तो परत आला. एका साध्या इंग्रजी गोष्टीत 'वेंट, सॉ, सेड, टुक, केम' ही रूपे डझनावारी येतात, आणि प्रत्येक वेळी अर्थ घेऊन येतात. ज्या घरात इंग्रजी ऐकू येत नाही, त्या घराची उणीव भरून काढायला शाळेपाशी हेच एक साधन आहे. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचलेली गोष्ट म्हणजे त्या मुलाला मिळालेले परके घर. हे पठण तक्त्याच्या जपापेक्षा स्वस्त आहे. त्यासाठी पुस्तके लागतात आणि वाचून दाखवणारा गळा लागतो. जिंतूरच्या मुलांपर्यंत हे दोन्ही पोचवणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्याने आधी तिथे किती मार्गदर्शिका विनासायास पोचतात ते पाहावे.

महाविद्यालयांतही हा प्रश्न संपत नाही. तिथे तो फक्त कपडे बदलतो. मराठवाड्यातले असंख्य विद्यार्थी इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. करतात. तिन्ही रूपे त्यांना तोंडपाठ असतात. पण कादंबरीच्या एका परिच्छेदात 'लेफ्ट' आणि पुढच्याच वाक्यात 'हॅड लेफ्ट' आले, तर कोण आधी गेले आणि कोण नंतर, हे विचारल्यावर शांतता पसरते. 'गेला' आणि 'गेला होता' ह्यांतला फरक त्याच विद्यार्थ्याला मराठी कथेत क्षणात जाणवतो. त्याच्यापाशी काळाची जाण आहे. ती इंग्रजी पानापर्यंत नेणारा पूल आपण बांधलेला नाही. रूप शिकवले, उपयोजन शिकवले नाही. म्हणून निवेदनाचा काळ, आठवणीचा काळ, पश्चात्तापाचा काळ हे सगळे त्याला मार्गदर्शिकेतल्या सारांशातून कळते. कादंबरीच्या वाचनातून हद्दपार झालेला हा विद्यार्थी पुढे शिक्षक होतो, आणि तक्ता घेऊन सहावीच्या वर्गात उभा राहतो. वर्तुळ पुरे होते.

हे वर्तुळ तोडण्याची जबाबदारी शिक्षणखात्यावर ढकलणे सोपे आहे. ती प्रथम आपली, म्हणजे भाषा आणि साहित्य शिकवून पोट भरणाऱ्यांची आहे. व्युत्पत्ती आपल्याला ठाऊक आहे, बोलींचे संशोधन आपण करतो, संपादनाच्या सिद्धान्तांवर शोधनिबंध आपण वाचतो. ह्यांतले काहीही सहावीच्या मुलीपर्यंत पोचत नसेल, तर आपल्या चर्चासत्रांचा उपयोग आपल्यापुरताच आहे. पुढच्या वेळी एखादी मुलगी वर्गात 'गोड' म्हणेल तेव्हा तिला थांबवण्याआधी एवढे तरी सांगू या, की तिने नियम ओळखला आहे, तो बरोबर लावला आहे, आणि ह्या शब्दाचा इतिहास तिच्या 'गेला'इतकाच वाकडा आहे. मग 'वेंट' सांगावे. तिला ते लक्षात राहील.